कोमट पाण्याचा निवाडा

धामणकोंडावर एरवी कामाशिवाय कुणी चढत नाही. पोलादपूरहून जीप पायथ्यापर्यंत येते. पुढे दगडी पायऱ्यांची पाखाडी, मग करवंदीच्या जाळ्या, आणि छातीचा भाता झाला की डोंगराच्या माथ्यावर वाडी. पण २००१ सालच्या कार्तिकातल्या त्या अमावास्येला वाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. तुडीलहून माणसं आली होती, पाचाडहून आली होती. मुंबईचे चाकरमानी दिवाळीनंतर पुन्हा रजा काढून आले होते. म्हातारी माणसं पाठीवर बसून वर आली होती. सगळ्यांचे डोळे वाघजाईच्या देवळापुढे मांडलेल्या तांब्याच्या घंगाळाकडे लागले होते.

घंगाळात पाणी होतं. खाली जाळ नव्हता, निखारे नव्हते. पाण्यावर झेंडूच्या पाकळ्या तरंगत होत्या आणि पाण्यामागे व्याघ्रचर्माच्या छापाच्या सतरंजीवर निवाडेबाबा बसले होते.

बाबा घाटावरून आले होते असं काही जण म्हणत, तर काही जण म्हणत, थेट हिमालयातून. त्यांचा चमत्कार एकच, पण असा की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. ज्यांच्यावर संशय असेल त्यांच्या हाताला बाबा देवीचा अंगारा लावत. मग आरती, मग बाबांचं निरूपण, आणि शेवटी सगळ्यांनी एकाच घंगाळात हात घालायचा. निर्दोष माणसाला पाणी गार लागायचं. दोषी माणसाचा हात त्याच पाण्यात भाजायचा.

"मी काय करत नाय," बाबा सांगत होते. "करतं ते पाणी. पाण्याला नातं नसतं. पाण्याला जात नसते. पाणी कुणाचं मिंधं नसतं." हे त्यांनी इतक्या वेळा सांगितलं की एव्हाना ते पाण्यालाही पाठ झालं असेल.

गर्दीत पुढे, येसाजींच्या शेजारी, अमिताबाई उभी होती. वाडीतल्या शाळेची ती एकुलती एक शिक्षिका. माहेर महाडचं, पोलादपूरला खोली घेऊन राहायची आणि रोज डोंगर चढून यायची. येसाजी वाडीतले वडीलधारे. त्यांनीच तिला मुद्दाम बोलावलं होतं. तुम्ही शिकलेल्या आहात, साक्षीला या, म्हणजे उद्या कुणी म्हणायला नको की अडाण्यांनी अडाण्याला दोषी धरलं. अमिताही आली ती एका हिशेबानेच. पाण्यात काहीतरी लबाडी असणार, ती चारचौघांत उघडी पाडायची.

प्रकरण मुरारीच्या घरचं होतं. उन्हाळ्यात त्याच्या दोन म्हशी दगावल्या. भाद्रपदात त्याचा धाकटा मुलगा चंदू तापाने गेला. तो शाळेच्या वयाचा नव्हता, पण थोरली बहीण पिंकी तिसरीत होती, तिच्या मागोमाग येऊन वर्गाच्या उंबऱ्यावर बसायचा. तो गेल्यापासून त्याची आई सुनंदा कुणाशी धड बोलत नव्हती. कुणीतरी करणी करून पोर खाल्लं, अशी वाडीत कुजबुज सुरू झाली आणि तेवढ्यात बाबांचा एक शिष्य, सहज वाट चुकल्यासारखा, चार दिवस वाडीत मुक्काम करून गेला. ओसरीओसरीवर बसला, चहा प्याला, ऐकत राहिला. बाबा आले तेव्हा त्यांना सगळं अंतर्ज्ञानानेच कळलेलं होतं.

संशयित म्हणून पाच बायका बसवल्या होत्या. त्यात बयाबाई. पन्नाशी उलटलेली, विधवा, मूलबाळ नाही, दोन शेळ्या आणि घरामागच्या परड्यात थोडी नाचणी. चंदूला ती मांडीवर घेऊन भाकरीचा काला भरवायची, हे सगळ्या वाडीला माहीत होतं. शिष्यालाही माहीत झालं होतं.

बाबांनी समोरच्या करंड्यातून एकेकीच्या हाताला, मनगटाच्या वरपर्यंत, अंगारा चोळला. बयाबाईपाशी आल्यावर थोडे थांबले, डोळे मिटले, कमरेचं वस्त्र सारखं केलं, मग तिच्याही उजव्या हाताला चोळला. धूप इतका की समोरचं माणूस दिसेना. आरती झाली. निरूपण झालं, तेही लांबलचक. मग बाबा म्हणाले, "आधी मास्तरीणबाईंनी पाणी बघावं. बाईंच्या हाताला अंगारा नाय. जे लागंल ते सांगावं."

अमिताने हात घातला, चांगला कोपरापर्यंत. पाणी ढवळलं, तळ चाचपला, बोटं नाकाशी नेली. पाणी होतं. नुसतं पाणी.

"कसं हाय?"

"कोमट," अमिता म्हणाली.

"मोठ्यानं सांगा, मागं ऐकू जात नाय."

"कोमट आहे. साधं आंघोळीचं पाणी."

एकेक बाई हात घालू लागली. पहिली म्हणाली, गार लागलं. दुसरी म्हणाली, देवीनं हात फिरवल्यावानी गार. बयाबाईने हात घातला आणि क्षणभर काहीच झालं नाही. मग तिचा चेहरा वाकडा झाला. हात बाहेर काढून ती किंचाळली आणि खाली बसली.

अमिताने धावत जाऊन तो हात स्वतःच्या हातात घेतला. मनगट लालसर झालं होतं, पण फोड नव्हता, कातडं सोलवटलेलं नव्हतं. बयाबाईच्या डोळ्यांतून मात्र पाणी वाहत होतं, आणि ते नाटक नव्हतं हे अमिताला तिच्या नाडीवरून कळत होतं.

"फोड नाय!" बाबा उठून उभे राहिले. "बघा. बाहेरची आग असती तर फोड आला असता. ही आतली हाय. आणि पाणी कोमट होतं, हे तुमच्या बाई बोलल्या. मी नाय बोललो."

अमिताने खरं तेच सांगितलं होतं, आणि त्या खऱ्यानेच बयाबाईला गाडलं होतं. निवाडा झाला. बयाबाईने पाणवठ्यावर यायचं नाही, कुणाच्या दारात उभं राहायचं नाही, आणि पौर्णिमेला बाबा शुद्धीला येतील तेव्हा वाडी सोडायची.

त्या संध्याकाळी खोलीवर आल्यावर अमिताने स्टोव्हवर पाणी तापवलं आणि हातपाय धुवायला बसली. गरम पाणी हातावर घेतलं मात्र, उजव्या तळव्याला आणि बोटांच्या बेचक्यांत आग झाली. तिने हात झटकला. पुन्हा पाणी घेतलं. पुन्हा तेच, जास्तच. आणि मग एक क्षण असा आला की विज्ञानाची पदवी घेतलेल्या अमिताने स्वतःलाच विचारलं, मी काय केलं? चंदू उंबऱ्यावर बसायचा, त्याला एकदा आपण रागावून घरी पाठवलं होतं. ते आठवलं. आगीबरोबर ते आपोआप वर आलं, कुणी विचारलं नसताना.

मग तिने डावा हात पाण्यात घातला. काही नाही.

उजव्याच हाताने तिने बयाबाईचा हात धरला होता. तिने तळवा नाकाशी नेला, मग जिभेचं टोक लावून पाहिलं, आणि ठसका लागून तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती महाडला डॉक्टर इरशाद यांच्याकडे गेली. बाजारपेठेत त्यांचा दवाखाना होता आणि अमिताच्या घरचं दुखणंखुपणं सगळं त्यांनीच पाहिलेलं. त्यांनी तिचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, घरातून लवंगी मिरचीची पूड आणि तेल मागवलं, दोन्ही गरम करून गाळलं आणि तिच्या डाव्या मनगटाला थोडं चोळलं. रोगी तपासून झाल्यावर त्यांनी एका पातेल्यात कोमट पाणी घेतलं. त्यात तापमापक सोडला. पारा अंगाच्या उष्णतेच्या जरासा वर होता, इतकंच. अमिताने डावा हात घातला आणि ओठ चावला.

डॉक्टरांनी मग समजावून सांगितलं. आपल्या कातडीत नसांची टोकं असतात आणि त्या टोकांवर अगदी सूक्ष्म दारं असतात. चटका बसण्याइतकी उष्णता लागली की त्यातलं एक दार उघडतं, बाहेरचे विद्युतभारित कण आत शिरतात, आणि नस मेंदूकडे निरोप धाडते की भाजलं. मिरचीतला तिखट अंश नेमका याच दाराची कडी काढतो. म्हणून तर मिरची झोंबली की आपण तोंड भाजलं म्हणतो. आणि मिरचीने दार एकदा किलकिलं केलं की ते उघडायला उकळतं पाणी लागत नाही, कोमट पुरतं. हे दार शास्त्रज्ञांच्या हाती लागून चार-पाच वर्षंच झाली होती. गारव्याचंही असंच दार असणार, पुदिन्याचा अर्क त्याला हात घालतो, आणि बाकीच्या बायकांच्या अंगाऱ्यात तोच असणार, म्हणून त्यांना गार लागलं. ते दार अजून कुणाला सापडलेलं नाही, असं ते म्हणाले. खाजेचंही थोडंफार तसंच. खाजकुइलीची कुसं अंगाला लागली की चावायला किडा नसतो, तरी माणूस ओरबाडून रक्त काढतो.

"म्हणजे तिला खरंच भाजलं," अमिता म्हणाली.

"वेदना शंभर टक्के खरी आहे," डॉक्टर म्हणाले. "आग मात्र कुठेच नव्हती. माणसाला या दोन गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत. मलाही येत नाहीत. म्हणून तापमापक लागतो."

आता सगळं सोपं आहे असं अमिताला वाटलं. ते काही खरं नव्हतं. ती चौकीत गेली. हवालदार भला माणूस होता, त्याने खुर्ची दिली. पण तक्रार कोणाची, हे त्याने विचारलं. जिचा हात भाजला तिने यायला हवं, आणि आली तरी कोमट पाण्यात हात घालायला सांगितल्याचा गुन्हा कोणत्या कलमात बसवू, हेही विचारलं. मग ती येसाजींकडे गेली. त्यांनी ऐकून घेतलं, पान जुळवलं आणि म्हणाले की बाई, तुम्हीच त्या दिवशी सगळ्यांसमोर कोमट म्हणालात.

शेवटी ती बयाबाईकडे गेली. शेळ्या खुंट्याला बांधलेल्या होत्या आणि बयाबाई अंगणातल्या डबक्याचं पाणी फडक्यातून गाळत होती. अमिताने तिला मिरचीचं सांगितलं, दारांचं सांगितलं, स्वतःचा हात भाजल्याचंही सांगितलं. बयाबाईने सगळं ऐकलं.

"बाई, मिरची मी जन्मभर कुटली. तिची आग मला ठावी हाय. ती पाण्यानं धुतली की उतरते. ही पाण्यानंच पेटली."

"तेलात मुरवलेलं तिखट पाण्याने जात नाही. आणि कोमट पाण्याने ते आणखी भडकतं."

"तुम्ही म्हणता तसं आसंल. पण हात माझा हाय. भाजलं ते मला." तिने फडकं पिळलं. "चंदूला भरवताना माझ्या पोटात कालवायचं, बाई. वाटायचं, ह्यो माझा का नाय. रोज वाटायचं. ते कुणाला ठावं नव्हतं. पाण्याला कसं कळलं?"

असं प्रत्येकालाच वाटतं, हे उत्तर होतं, पण ते त्या अंगणात अगदी पोकळ वाजलं असतं. कुणाच्याही मनात थोडी आग असतेच, आणि बाबांचा धंदा नेमका त्यावर चालतो. हात भाजला की माणूस स्वतःच स्वतःचा गुन्हा शोधून आणतो. बाबांना तेवढेही कष्ट नाहीत.

पौर्णिमेला पुन्हा गर्दी जमली. अमावास्येपेक्षा जास्तच, कारण निवाड्यापेक्षा शिक्षा बघायला माणसं लांबून येतात. देवळापुढे तेच घंगाळ शुद्धीच्या कोमट पाण्याने भरून ठेवलेलं होतं. बयाबाई गाठोडं घेऊन देवळाच्या पायरीखाली बसली होती. डॉक्टर इरशाद दम खात पाखाडी चढून आले होते आणि मागे उभे होते. पुढे यायला त्यांनी नकार दिला होता. मी बोललो तर गोष्ट पाण्याची राहणार नाही, असं ते म्हणाले, आणि अमिताला ते पटलं होतं.

बाबांनी शुद्धीचा संकल्प सोडायला पाणी हातात घेतलं तेव्हा अमिता पुढे झाली.

"त्या दिवशी माझाही हात भाजला," ती म्हणाली. "घरी गेल्यावर. म्हणजे मीही दोषी."

बाबा क्षणभर गोंधळले, पण बोलण्यात कसलेले होते. "बघा! पाप्याला शिवल्यावर शिकलेलीलाही सुटका नाय. देवी काय डिग्री बघते?"

"फक्त उजवा हात भाजला, बाबा. डाव्याला काही झालं नाही. देवी एकाच बाईचा अर्धा निवाडा करते का?" तिने लोकांकडे पाहिलं. "बाबांपाशी अंगाऱ्याचे दोन करंडे आहेत. एक समोर. दुसरा कमरेला. बयाबाईपाशी आल्यावर त्यांनी कमरेचं वस्त्र सारखं केलं ते मी पाहिलं, तिला त्या करंड्यातला लावला. माझी एवढीच विनंती आहे, त्यातला अंगारा आज कुणा निर्दोष माणसाच्या एका हाताला लावा."

बाबा म्हणाले की तो करंडा राखीव आहे, बारा वर्षांच्या तपाचा आहे, त्याला परक्या हाताचा स्पर्श झाला तर वाडीवर अरिष्ट येईल. शिष्याने सतरंजी गुंडाळायला घेतली. गर्दीतून कुणीतरी अमितालाच ओरडून गप्प बसायला सांगितलं. आणखी दोघे-तिघे तिच्या अंगावर आले, आणि गोष्ट तिथेच संपायची.

पण मुरारी उठला. पोर गेल्यापासून तो फार बोलत नसे. तो बाबांपुढे जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मला लावा."

"तू पोराचा बाप. तुझा निवाडा कशाला?"

"म्हणून तर. माझ्याइतका निर्दोष कोण हाय हितं?"

बाबा मागे सरले. मुरारीने हात घालून त्यांच्या कमरेचा करंडा ओढून काढला. बोटाएवढा करंडा, आत तेलकट काळी राख. ती त्याने स्वतःच्या उजव्या मनगटाला चोळली, चांगली जोर देऊन, आणि घंगाळापाशी खाली बसला. आरती नाही, निरूपण नाही. माणसं नुसती उभी राहिली. बाबा जायला निघाले, तर येसाजी त्यांच्या वाटेत उभे राहिले. मग मुरारीने आधी डावा हात पाण्यात घातला. बाहेर काढला. मग उजवा.

तो ओरडला नाही. दात खाऊन त्याने हात तसाच पाण्यात ठेवला. कपाळावरच्या शिरा टरटरून फुगल्या, डोळे भरून आले.

"भाजतंय," तो म्हणाला. मग बाबांकडे बघून म्हणाला, "मग मीच खाल्लं काय माझं पोर?"

त्यानंतर जे झालं ते सांगण्यासारखं विशेष नाही. बाबांना कुणी मारलं नाही. येसाजींनी मारू दिलं नाही. गर्दीचं मन त्यांच्यावरून इतकं चटकन उडालं की ते पाखाडी उतरले तेव्हा मागे फक्त शिष्य होता. डॉक्टर पुढे आले आणि पाण्याने धुवू नका, तूप किंवा दही लावा, असं म्हणाले. कुणी हलायच्या आत बयाबाई गाठोडं सोडून उठली. तिच्याच गाठोड्यात तुपाचा डबा होता. मुरारीचा हात मांडीवर घेऊन ती मनगटाला तूप चोळत राहिली, आणि मुरारी लहान मुलासारखा रडत राहिला. अमिताने मग सगळ्यांना ते दार, मिरची आणि पुदिना साध्या शब्दांत समजावलं. माना हलल्या. काही जणांनी हसून बाबांची नक्कलही केली.

तेवढ्यात सुनंदा आली. ती कधी गर्दीत आली ते कुणाला कळलं नव्हतं.

"बयाआत्यानं नाय केलं. आसंल," ती म्हणाली. "मग माझं पोर कशानं गेलं, बाई?"

अमिताने डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी ताप कसा होता ते विचारलं. थंडी वाजून यायचा, घाम सुटून उतरायचा, एक दिवस बरं, पुन्हा तसंच, शेवटी झटके आले, असं मुरारीने सांगितलं. पाऊस लागून राहिला होता, ओढ्याला पाणी होतं, भगताने दोरा दिला होता.

डॉक्टरांनी चष्मा काढला. न बघता सांगणं बरोबर नाही, असं ते म्हणाले. पण बहुतेक हिवताप.

"त्याला औषध आसतं?"

डॉक्टरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"असतं," ते म्हणाले. "गोळ्या असतात. फुकट मिळतात."

सुनंदाने मान हलवली आणि ती घराकडे गेली. बाबांनी तिला निदान चिडायला एक माणूस दिला होता. अमिताने तोही काढून घेतला आणि त्या जागी काय दिलं, तर कागदात बांधून मिळणाऱ्या गोळ्या, ज्या डोंगराखाली होत्या आणि वर आल्या नाहीत. त्या दिवशी पाखाडी उतरताना अमिताला आपण जिंकलो असं एकदाही वाटलं नाही.

बयाबाईला पाणवठा मोकळा झाला. कुणी तिची माफी मागितली नाही, पण कुणी अडवलंही नाही. शिमगा झाल्यावर मात्र ती शेळ्या विकून तुडीलला भावाकडे निघून गेली. जायच्या दिवशी अमिताने तिला विचारलं की आता कशाला, आता तर सगळ्यांना कळलंय.

"कुणी काय बोलत नाय, बाई. सुनंदाबी बोलत नाय," ती म्हणाली. "पण पिंकी अंगणात आली की माझाच हात मागं जातो."

त्याच सुमाराला बातमी आली की निवाडेबाबा घाटापलीकडच्या एका वाडीत बसलेत. अमिता आणि डॉक्टर गेले, तर त्यांना देवळाच्या आवारातही येऊ दिलं नाही. एक बाई, एक डॉक्टर आणि डोंगरात पसरलेल्या एवढ्या वाड्या. ते किती ठिकाणी पुरणार?

म्हणून हे लिहायचं. वेदना खरी असते, तिच्यावर हसू नका. पण वेदना साक्षीदार आहे, न्यायाधीश नाही. हात भाजला एवढंच ती सांगते. कशाने भाजला, ते आपल्यालाच शोधावं लागतं. कुणाचा हात एखाद्या पाण्यात भाजला तर त्या माणसाचा गुन्हा शोधण्याआधी त्याचा दुसरा हात त्याच पाण्यात घालून बघा. आणि पोराला थंडी वाजून ताप आला, तर दोरा, अंगारा, निवाडा यातलं काहीही करण्याआधी त्याला पाठीवर घ्या आणि डोंगर उतरा. पाऊस असला तरी उतरा.